पुरावाली तबकडी

तेरवीची पंगत उठली, पाहुणे गाड्या जुंपून आपापल्या वाटेला लागले आणि मी तुझी तबकड्यांची पेटी उघडली, भाऊ. सगळ्या जागेवर आहेत. आगगाडीवाली आहे, बाटलीवाली आहे, मुकादमाची आहे, तुझी लाडकी विजेची तर सगळ्यांत वर आहे. पुराच्या गाण्याची, ती पुरावाली, तेवढी नाही. मी पेटी उपडी केली, तळाशी अंथरलेलं गोणपाट झटकलं, फोनोच्या झाकणातसुद्धा हात घालून पाहिला. नाही म्हणजे नाही.

तुला हसू आलं असतं. जी तबकडी माझ्या घरात वाजू देणार नाही म्हणून मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडले, तीच शोधायला मी उष्टी भांडी तशीच टाकून बसले होते. हसून घे. तुझा तो हक्कच आहे. पण मला ती आत्ताच का हवी झाली, ते आधी ऐक.

वहिनी तुझ्या अस्थी आणि ही पेटी घेऊन घुग्घुसहून गावी आली. तिकडे वर्धा नदी उशाशी असताना तुला आपली वैनगंगाच हवी होती, तसं तू तिला सांगून ठेवलं होतंस म्हणे. माझी सोनी गेल्यापासून मी त्या घाटावर पाय ठेवलेला नाही, हे तुला माहीत होतं. धुणं मी विहिरीवर धुते. शाळेत पोरींना नद्या शिकवायच्या असल्या की फळ्यावर एक रेघ ओढते, नाव लिहिते आणि पुढच्या धड्याकडे वळते. तुझ्यासाठी मात्र गेले. आमच्या ह्यांनी पाण्यात उतरून मडकं सोडलं. मी वर थडीवर उभी होते. समोर तेच पाणी, गढूळ, तुडुंब, आपण काही केलंच नाही अशा तोऱ्यात चाललेलं. माझी पोर हिनंच नेली आणि आता भाऊही हिच्याच पोटात घालायचा. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. शिवी घालायची होती की हात जोडायचे होते, ते मलाही कळत नव्हतं. तोंडातून शब्द फुटला नाही. आणि तिथं उभ्या उभ्या मला तुझं ते नेहमी अर्धं राहिलेलं बोलणं आठवलं. "शेवंते, तिच्यात थे बाई नदीले म्हन्ते का..."

काय म्हणते? मला तेवढंच हवं होतं. म्हणून पेटी उघडली.

तू फोनो पहिल्यांदा गावी आणलास तो उन्हाळा मला काल घडल्यासारखा आठवतो. घुग्घुसच्या खाणीत मशिनी बसवायला आलेला साहेब बोटीनं परत जाणार होता. वाटेत तबकड्या फुटतील म्हणून इंजिनघरातल्या आपल्या हाताखालच्या माणसाला, म्हणजे तुला, पेटी आणि फोनो देऊन गेला. लोकांना साहेबाकडून घड्याळ मिळतं, कोट मिळतो. तुला मिळाली अमेरिकेतल्या काळ्या माणसांची रड. हे माझे शब्द, तेव्हाचे. तू रागावला होतास.

"रड नाई हाय थे," तू म्हणालास. "रडून रडून थकलेला मानूस कामाले लागते अन् गाते, तसं हाय."

साहेब स्वतः गोरा होता, पण ही गाणी त्याच्या मुलखातल्या मोठ्या नदीच्या काठी, कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या लोकांची. त्यांच्या आज्यापणज्यांना बाजारात उभं करून विकलं होतं. साहेबानं तुला ते मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं आणि तू ते आम्हाला अंगणात हातवारे करून सांगितलंस. इंग्रजी ना तुला येत होतं ना मला. माझी सातवी झाली, मास्तरीण झाले, पण ती मराठीतच. त्यामुळे तबकडीच्या मधल्या गोल कागदावर काय छापलं आहे ते आपण कधी वाचलं नाही. तू आपल्या मनानं नावं दिलीस. जिच्यात तोंडाचा बाजा इंजिनासारखा धापा टाकतो ती आगगाडीवाली. जिच्यात वाजवणारा तारांवर बाटलीची मान घासतो ती बाटलीवाली. जिच्यात एक जण आपल्या मुकादमाला अगदी गोड गळ्यानं शिव्या घालतो ती मुकादमाची.

पहिल्या दिवशी निम्मं गाव अंगणात जमलं होतं. तू चावी दिलीस, आगगाडीवाली लावलीस. मग मागून कोणीतरी म्हणालं, "याच्या पोटात दुखून राह्यलं काय गा?" झालं, अख्खं अंगण हसायला लागलं. तू काही हसला नाहीस. तबकडी थांबवलीस आणि म्हणालास, "ज्याले आयकाचं हाय त्यानं बसा. बाकीचे घरी जा." एकही उठला नाही, कारण आत वहिनी चहा टाकत होती.

सोनी मात्र उठली. परकराचा घोळ हातात धरून ती आगगाडी झाली. तुळशीला वळसा, गोठ्याला वळसा, परत अंगणात. गाडी तिनं कधी पाहिलीच नव्हती. तू धापा कशा टाकायच्या ते दाखवलंस आणि तिनं बरोबर उचललं. त्यानंतर तू गावात आलास की तुझ्या हातातलं ओझं खाली ठेवू न देता ती म्हणायची, "मामा, गाडी लाव." तू तिला चांद्याच्या टेशनावर नेऊन खरी गाडी दाखवणार होतास. ते राहिलं. वहिनीला आणि तुला लेकरूबाळ नव्हतं, तुमचा सगळा लाड आमच्याच पोरीवर उतू जायचा आणि मी तुम्हा दोघांनाही त्याबद्दल बोलायचे.

तबकडी लाखेची असते, हेही तुला साहेबानंच सांगितलं. त्या दिवसापासून तुझ्या अंगात आलं. आपल्याकडचे लोक पळसाच्या नि कुसुमाच्या फांद्यांवरची लाख खरवडतात, बाजारात नेतात, तिथून ती व्यापाऱ्यांच्या पोत्यांतून कलकत्त्याला जाते, पुढं बोटीनं कुठंकुठं जाते आणि तिच्या तबकड्या होतात. तू एक तबकडी उन्हात धरून मला दाखवलीस. "मंजे हे आपलीच लाख हाय, शेवंते. दुनिया फिरून आली अन् येता येता गानं घेऊन आली." मी म्हणाले, बांगडीही लाखेचीच असते, ती काही गात नाही. आपल्या गावात लाख म्हणजे एक तर बांगडी, नाही तर विळ्याची मूठ. लोहार मुठीच्या भोकात वितळलेली लाख भरतो, पात्याचं शेपूट तापवून आत दाबतो, गार झाली की पातं जन्मभर हलत नाही. लाखेचा एवढाच उपयोग मला ठाऊक होता. तू म्हणालास की मी मास्तरीण झाले तरी अडाणीच राहिले, आणि मी तुला त्या दिवशी चहा दिला नाही.

फोनोच्या पिना संपल्या आणि चांद्यात मिळेनात, तेव्हा बाभळीच्या काट्याची युक्ती तुझीच. तलावाच्या पाळीवरच्या बाभळीचे जून काटे मी तोडून आणायचे, वाळवायचे, आणि तू काचेच्या तुकड्यानं टोक तासायचास. तबकडीच्या एका बाजूला एक काटा. काट्यानं आवाज बारीक येतो पण मऊ येतो, तबकडीही झिजत नाही. आपल्या दोघांचं सगळ्यात जास्त बोलणं त्या काटे तासण्यातच झालं असेल.

तुला नुसतं ऐकायचं वेड नव्हतं, ऐकवायचं वेड होतं. "मानसानं मराच्या आंधी ह्या तर आयकल्याच पायजे," म्हणत तू बोटांवर मोजायचास आणि दर खेपेला क्रम बदललेला असायचा. माझी पसंती बाटलीवालीला. त्यात एकटा माणूस आणि एकटी तार, दुसरं कोणी मधे येत नाही. तुझी पसंती विजेचीला. त्या तबकडीत तारांचा बाजा विजेवर चालतो, मागं ढोल, आणि गाणारा भांडायला उठल्यासारखा ओरडतो. मी म्हणाले, ही तर आपली धानाची गिरणी. तू पेटीवर हात आपटून म्हणालास, "गिरनीच हाय! आयक तू. याच्यातून मोठं काहीतरी निंगनार हाय. या गान्याले लेकरं होतीन, शेवंते, अन् थे याच्याहून जोरानं ओरडतीन." आपल्या गावात तेव्हा वीज नव्हती, अजूनही नाही, आणि तू विजेच्या गाण्याच्या लेकरांची काळजी करत होतास.

बाटलीवालीवरून आठवलं. माझी खोडी काढायला म्हणून तू एका बाटलीची मान कापलीस आणि ती बोटात घालून एकतारीवर घासलीस. मान कापताना अंगठा कापून घेतलास आणि जो आवाज निघाला त्यानं गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. सोनी हसून हसून लोळली. तुझ्या अंगठ्यावरचा तो व्रण मी घुग्घुसला पाहिला, तुला शेवटचं न्हाऊ घालायच्या आधी.

मग तो पावसाळा आला. आपण तेव्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो म्हणून शाळेचे नकाशे बदलून आले होते आणि मी पोरींना नव्या सीमा गिरवायला देत होते. शाळा सुटल्यावर सोनी घाटाकडे गेली. पाणी चढतं आहे, आपला डोंगा वाहून जाईल, म्हणून तो वर ओढायला गेली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पायाखालची थडी खचली. डोंगा खालच्या गावाला सापडला. सोनी सापडली नाही.

जे सापडत नाही त्याला अग्नी कसा द्यायचा? मग पळसाच्या पानांचं माणूस करतात आणि ते जाळतात. आमच्या ह्यांच्या हातून एक गाठ बसेना. मी तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तू घुग्घुसहून आलास, आंघोळ केलीस आणि पळसाची पानं घेऊन ओसरीवर बसलास. हात, पाय, डोकं. सगळं तू बांधलंस. मी एकदाच मान वळवून पाहिलं. तू त्या पानांच्या बाहुलीला परकर नेसवत होतास.

यापुढचं आपलं भांडण. ते नीट सांगते, कारण आता ते एकट्या माझ्याकडेच राहिलं आहे.

त्या वर्षीची धानकापणी आटोपल्यावर तू फोनो घेऊन आलास. मला बरं वाटेल म्हणून आणला असेल, असं मला वाटलं. दुपारची वेळ होती, अंगणात आपण दोघंच. तू एक तबकडी काढलीस जी मी आधी कधी पाहिली नव्हती. अंगणातल्या गर्दीत वाजवायची नव्हे, म्हणून तू ती आजवर गावी आणली नव्हतीस. काटा टेकवलास. बाजा नाही, ढोल नाही. एक बाई नुसती तोंड मिटून हुंकारत होती. कोणाला निजवते आहे की स्वतःच कण्हते आहे, कळत नव्हतं. अजून शब्द सुरू झाले नव्हते.

"काय हाय हे?" मी विचारलं.

"आयक."

"काय हाय, भाऊ?"

"तिच्या गावी पूर आल्ता," तू खाली पाहत म्हणालास. "तिचं लेकरू..."

मी काट्याचा दांडा धरून ओढला. काटा मोडला. तू उठला नाहीस, फक्त म्हणालास, "शेवंते, आयक तर खरं. तिच्यात थे बाई नदीले म्हन्ते का..."

"पुरे!"

तू तबकडी परत कापडात गुंडाळलीस. मी आत निघून गेले. पण ते तिथं संपलं नाही. पुढं तू दर खेपेला ती तबकडी घेऊन यायचास, कापडात गुंडाळून, पेटीत वेगळी ठेवून. विजेचीच्याही वर तिला बसवलंस. मराच्या आंधी आयकाच्या तबकड्यांत आता तीच पहिली होती आणि ऐकायला लायक माणूस जगात एकच, मी. तू तोंड उघडायचास, "तिच्यात थे बाई..." आणि मी "पुरे" म्हणायचे. एकदा तर मी भाकरीचं पीठ मळता मळता तसाच हात तुझ्या तोंडावर ठेवला होता.

माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. मला एकच पोर होती. तिचं दुःख मला माझं हवं होतं, सगळंच्या सगळं. कुठल्या सातासमुद्रापलीकडच्या बाईनं त्यात आपला सूर मिसळावा, हे मला सोसत नव्हतं. तिची नदी वेगळी, माझी वेगळी. आणि माझं औषध काय ते ठरवणारा तू कोण? हे सगळं मी तुला तोंडावर सांगितलेलं आहे, मागून नाही.

तूही एकदाच उलटून बोललास. एक दिवाळी आम्ही तुझ्याकडे घुग्घुसला केली. तुझ्या खोलीच्या उंबऱ्यावर मी सकाळी काढलेली रांगोळी दुपारपर्यंत कोळशाच्या धुळीनं काळी झाली आणि मी चिडलेलीच होते. तू पुन्हा त्या तबकडीचं नाव काढलंस. मी म्हणाले, तुला काय पडली आहे मला रडवायची? तू खोकत होतास. तेव्हापासूनच खोकत होतास. खोकला थांबल्यावर म्हणालास, "थो पुतळा मी बांधला, शेवंते. तुमी सारे रडले. मले कुठी रडाले भेटलं?"

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ती तबकडी तू मला ऐकवायला मागत नव्हतास, माझ्याजवळ बसून ऐकायला मागत होतास. कळलं, आणि तरीही मी हो म्हणाले नाही.

पुढच्या धानकापणीला तू आलास तो फोनोशिवाय. हातात पोत्यात गुंडाळलेला विळा. मला म्हणालास, "तुले आनला. मूठ पक्की हाय, हलनार नाई." मी तुझी भरपूर थट्टा केली. घुग्घुसच्या इंजिनवाल्यानं आता इळे बनवाले धरले काय, असं आमच्या ह्यांच्यासमोरच विचारलं. पातं चांगलं होतं, मूठ हाताला बसत होती. फक्त पातं जिथं मुठीत शिरतं तिथली लाख काळीभोर होती. आपली लाख तांबूस असते. मी विचारलं, तर म्हणालास, "कोयशाच्या गावची लाख हाय, काळीच राहीन." मला पटलं. त्या विळ्यानं मी दोन हंगाम धान कापलं. सुट्टी काढून धानाच्या बांद्यांत उतरते ती मी कापणीलाच, तुला माहीत आहे. दिवसभर कापलं तरी त्याची मूठ कधी ढिली झाली नाही.

आणि त्यानंतर तू त्या तबकडीबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मला वाटलं, थकलास. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. कधीकधी मात्र तू काटा तासत गप्प बसलास की मीच मनात म्हणायचे, आता हा म्हणेल, "तिच्यात थे बाई..." तू म्हणायचा नाहीस.

शेवटचं तुला पाहायला आले तेव्हा तू उशांना टेकून बसला होतास, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. दोन शब्द बोललास की खोकला, खोकल्यावर काळं. मी जवळ बसले, पाय चेपले, गावच्या चार गोष्टी सांगितल्या. तू मधेच माझा हात धरलास. मला वाटलं, काहीतरी मोठं सांगणार. तर म्हणालास, "इळा चालते ना?"

"चालते."

"मूठ? हलली त नाई?"

मला राग आला रे. मी म्हणाले, "जीव चालला तुझा अन् तू इळ्याची चौकशी करून राह्यला." तू हसलास, मग खोकलास. तेच आपलं शेवटचं बोलणं.

तर तेरवीच्या दिवशी पेटीत तबकडी नाही म्हटल्यावर मी वहिनीकडे गेले. ती चुलीतली राख ओढत होती.

"वयनी, पुरावाली कुठी हाय?"

"कोनती?"

"थे, बाई गाते थे. भाऊ कापडात गुंडाळून ठेवे."

"थे?" वहिनीनं वर पाहिलं. "थे तर तुमच्याच घरी हाय ना, शेवंताबाई."

"माह्या घरी काहाले राहीन?"

"तुमच्या इळ्यात."

मला काही उमगेना. वहिनी राखेचे हात पदराला पुसत सांगायला लागली. "तुमच्यासाठी इळा आनला होता, पन मूठ ढिली निंगाली. घरी लाख नोती. मी म्हन्लं, बाजारातून आनतो. म्हन्ले, नोको. मंग पेटीतून थे तबकडी काढली. एकडाव लावली, बसून आयकली सारी. डोये पुसले. अन् खलात कुटली, वाटीत घालून चुलीवर ठेवली. मी म्हन्लं, अवो, हे काय करून राह्यले, तुमच्या जीवाची तबकडी हाय थे. त म्हन्ले, 'शेवंताले आयकाची नाई, अन् मले तिच्याबिगर आयकाची नाई. कामाले तर येईन.' लई घान वास आला, बाई. दोन दिस घरातून गेला नाई."

मी खाली बसले.

"तुमाले त्याईनं सांगतलं नाई काय?" वहिनीनं विचारलं.

"नाई. वयनी, त्याच्यात थे बाई नदीले काय म्हन्ते? भाऊनं तुले सांगतलं असन."

तिला खरंच आठवायचं होतं, हे दिसत होतं. मग म्हणाली, "मले कोनी सांगतलं, बाई? मी त आत चहा करो."

मधला गोल कागद? तो तिनं चुलीत टाकला होता. त्यावर बाईचं नाव असेल, गाण्याचं नाव असेल. ते वाचता आलं असतं तर कोणाला सांगून नागपुराहून, मुंबईहून शोधून आणवली असती. आता दुकानदाराला काय सांगू? पुरावाली द्या? त्या नावानं ती फक्त आपल्या अंगणात ओळखली जायची.

मी तुझ्यावर चिडलेली आहे, भाऊ, हे लिहून ठेवते. मी नको म्हणाले, पण मोड कुणी म्हणाले होते? थोडं थांबायचं होतंस. मी हट्टी आहे, पण मेले नव्हते. कधीतरी मीच म्हणाले असते, लाव. आणि चिडता चिडता माझ्या लक्षात येतं, की माझ्यासाठी इतकं जीवापाडचं काही आजवर कोणी मोडलेलं नाही. आमच्या ह्यांनी नाही, आईबापानं नाही. माझ्या एका शब्दाखातर तू तुझी पहिली तबकडी वाटीत वितळवलीस आणि वर माझी थट्टा ऐकून घेतलीस. मूठ हलली तर नाही, एवढंच विचारत गेलास.

फोनो आता माझ्याकडे आहे. सुतक फिटलं आहे, आता लावीन. बाभळीचे काटे वाळत घातलेले आहेत, तासायला हात एकटे आहेत. शाळेतल्या पोरींना आगगाडीवाली ऐकवीन आणि त्यांच्यापैकी एखादी उठून धापा टाकत फिरायला लागली तर तिला थांबवणार नाही. विजेची गिरणीसुद्धा लावीन, तिची लेकरं जन्माला आलीच तर तुझ्या वतीनं ऐकून घेईन. कोणी विचारलं, की मास्तरीणबाई, यातली पहिली कोणती ऐकावी, तर ती जागा रिकामी आहे म्हणून सांगेन.

लवकर येणारं हलकं धान पिवळं पडत चाललं आहे. पुढच्या आठवड्यात कापायला येईल. विळा समोर ठेवून बसले आहे. अंगठ्याखाली ती काळी लाख आहे, गुळगुळीत, माझ्याच हातानं घासून घासून झालेली. त्या बाईचं सगळं म्हणणं याच्यात आहे आणि मी दोन हंगाम ते मुठीत धरून फिरले. नखानं खरवडून पाहिलं. लाखच निघते.

नदीला काय म्हणायचं ते त्या बाईला माहीत होतं, साहेबाला माहीत होतं आणि तुला. ती कुठली कोण, साहेब समुद्रापार, तू पाण्यात. मला अजूनही घाटावर जाऊन उभं राहायचं आहे आणि मला अजूनही शब्द येत नाहीत. तो हुंकार तेवढा येतो. तो मी काल विहिरीवर धुणं धुताना नकळत धरला आणि पुढं काही नसल्यानं तिथंच सोडून दिला.

म्हणून शेवटचं मागते, भाऊ. मी भाकऱ्या टाकत नाही, उठून आत जात नाही, तुझ्या तोंडावर हात ठेवत नाही. अंगणात बसले आहे. तू म्हण, शेवंते, तिच्यात थे बाई नदीले म्हन्ते का...

म्हण. मी मधे बोलत नाही.